क्रेल की अँस्ट्रदर? पहिल्यांदा स्वतःची बोट घेऊन ईस्ट न्यूकच्या बंदरात जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, एडिनबरात राहणारी दोन मराठी कुटुंबं, मिळून एक जुनी २७ फुटी शिडाची बोट घेतलीय, ती एडिनबराच्या ग्रँटन बंदरात असते, खाली फिन कील (तळाला पंखासारखा उतरलेला जड भाग), बुडीत भाग १.४ मीटर. आत्तापर्यंत इंचकम बेटापर्यंत जाऊन आलात आणि आता जुलैच्या एका वीकेंडला फाइफच्या किनाऱ्यावरच्या, ईस्ट न्यूक म्हणतात त्या भागातल्या क्रेल गावात जायचंय, बरोबर दोन मुलं आणि भारतातून आलेले बाबा, ज्यांचं सगळं आयुष्य हर्णैच्या बंदरात गेलंय. किती वाजता निघायचं, आत कसं शिरायचं, जागा बुक करावी लागते का, हे विचारलंत. मी याच पाण्यात १४ वर्षं बोट चालवतोय, आधी दुसऱ्यांच्या बोटीवर हरकाम्या म्हणून आणि मग स्वतःची, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिलं उत्तर सरळ देतो: पहिल्या खेपेला क्रेलच्या बंदरात बोट घालू नका. शेजारच्या अँस्ट्रदरला जा, बोट तिथे ठेवा आणि क्रेलला किनाऱ्याच्या पायवाटेने चालत जा, साधारण ६ किलोमीटर आहे, नाहीतर बस आहेच. क्रेल फोटोत दिसतं त्याहून कितीतरी छोटं आहे. समुद्रातून येताना किनाऱ्यावरचे दोन पांढरे खांब एका रेषेत धरायचे, २९५ अंशांवर, ती रेषा तुम्हाला खडकांच्या मधून आत आणते. पण बंदराचं तोंड पश्चिमेकडे, म्हणजे आत आल्यावर उजवीकडे जवळजवळ उलटं वळायचं आणि अरुंद फटीतून दगडी भिंतींच्या आत घुसायचं. आत वळायला जागा कमी, खेकडे-लॉबस्टरवाल्यांच्या छोट्या बोटी बांधलेल्या आणि ओहोटीला सगळं बंदर कोरडं. ज्याने आपली बोट उलट्या गियरमध्ये कुठल्या बाजूला सरकते हे अजून अंगात मुरवलं नाही त्याने मुलं-बाळं घेऊन तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन सीझननंतर जा, मस्त जागा आहे.

अँस्ट्रदरही ओहोटीला सुकतं, पण ते मोठं आहे, तोंड रुंद आहे आणि आत पाँटून, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारे तरंगते धक्के आहेत. स्थानिक लोक त्याला अँस्टर म्हणतात, रेडिओवर हे ऐकलं तर गोंधळू नका. पाहुण्या बोटींना जागा असते पण हॉटेलसारखं बुकिंग समजू नका. दोन-तीन दिवस आधी हार्बरमास्तरला फोन करा, बोटीची लांबी, बुडीत भाग आणि फिन कील आहे हे तिन्ही सांगा, आणि विचारा की माझ्यासारख्या बोटीला तळाशी मऊ चिखल असलेली जागा कुठली. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मऊ चिखलात कील रुतते आणि बोट जवळजवळ सरळ उभी राहते, कडक तळ असेल तर बोट कलते आणि भिंतीला टेकवून नीट बांधावी लागते, ते वेगळं शास्त्र आहे आणि ते एखाद्या जाणकाराबरोबर एकदा करून बघितल्याशिवाय रात्रभर करू नये.

आता पाण्याचं गणित, कारण इथे सगळं त्यावरच चालतं. बाबांना हे सांगायलाही लागणार नाही. फोर्थच्या खाडीत उधाणाची भरती लीथला (एडिनबराचं बंदर) साधारण ५.६ मीटर आणि ओहोटी ०.८, म्हणजे जवळपास पाच मीटरचा चढ-उतार, मुंबईच्या मोठ्या उधाणाइतका आणि रत्नागिरी-हर्णैपेक्षा बराच जास्त. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, भरती ४.४ आणि ओहोटी २.० च्या आसपास. अँस्ट्रदरचे आकडे थोडे कमी धरा आणि वेळही थोडी वेगळी असते, नॉटिकल अल्मनॅकमध्ये (बोटवाल्यांचं वार्षिक माहितीपुस्तक) लीथवरून फरक दिलेला असतो तो वापरा. आणि टेबल ग्रीनिच वेळेत असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवायचा, या एका तासाने इथे दरवर्षी बोटी अडकतात.

समजा तुमच्या जागेचा तळ चार्टच्या शून्यापासून (सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी, टेबलातल्या उंच्या तिच्यावरून मोजतात) १.८ मीटर वर सुकतो (हा आकडा उदाहरणासाठी, खरा हार्बरमास्तरला विचारा). बोट १.४, खाली सुरक्षेसाठी अर्धा मीटर, म्हणजे भरतीची उंची किमान ३.७ हवी. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही, पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणाला ५.४ वरून ०.८ वर यायचं असेल तर ३.७ ला पाणी यायला साधारण अडीच तास लागतात. भांगाला ४.४ वरून २.० वर यायचंय, तर जेमतेम सव्वादोन. म्हणजे भांगाला पाणी कमी हलतं म्हणून जास्त वेळ मिळेल असं नवीन माणसाला वाटतं ते इथे खरं नाही, भरतीच मुळात कमी चढते. भरतीच्या आधी सव्वादोन तास आणि नंतर सव्वादोन तास एवढंच दार उघडं, बाकी वेळ बंद. त्यात हवेचा दाब जास्त असेल, छान निळं आकाश आणि बॅरोमीटर १०३५ वगैरे, तर पाणी टेबलापेक्षा वीसेक सेंटीमीटर कमी असतं, दर हेक्टोपास्कलला एक सेंटीमीटर असं धरा.

आणि एक धोका जो पहिल्यांदा कुणी सांगत नाही. उधाणाच्या भरतीला जर बोट कोपऱ्यातल्या उंच तळावर नेऊन बांधली, समजा तळ ३.८ मीटरवर, तर त्या दिवशी तिथे १.६ मीटर पाणी असतं आणि सगळं छान वाटतं, पण पुढे रोज भरती कमी-कमी चढत जाते आणि भांगाला तिथे फक्त ०.६ मीटर पाणी. बोट पुढच्या उधाणापर्यंत तिथेच. सोमवारी ऑफिस आहे हे समुद्राला माहीत नसतं.

आता तुम्हाला एक घरगुती युक्ती सांगतो जी मी माझ्या मालवणच्या आजोबांकडून घेतली आणि इथे बसवली. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. फोर्थमध्ये त्यात साधारण चार तास मिळवा, इथल्या उन्हाळी घड्याळाने. म्हणजे पौर्णिमेला भरती दुपारी (आणि पहाटे) चारच्या सुमाराला, अष्टमीला सकाळी आणि रात्री दहाच्या. मी किचनमधलं कालनिर्णय बघून वीकेंड निवडतो, मग टेबल उघडून मिनिटं बघतो. बोट चालवायची ती टेबलावरूनच, तिथी फक्त वीकेंड ठरवायला आणि आपलं टेबल वाचण्यात काही घोळ झालाय का हे पकडायला. दोनदा मला त्याने वाचवलंय, चुकीच्या महिन्याचं पान उघडलं होतं.

तुमच्यासाठी मी अष्टमीच्या आसपासचा शनिवार घेईन. ग्रँटन ते अँस्ट्रदर २२ सागरी मैल, पाच नॉटने (ताशी पाच सागरी मैल) साडेचार तास. इथे एक पेच आहे: खाडीतून बाहेर पूर्वेला जाताना ओहोटीचा प्रवाह मदत करतो, पण बंदरात शिरायला भरती लागते, म्हणजे थेट भरतीच्या वेळी पोहोचायचं ठरवलं तर सगळी वाट प्रवाहाच्या विरुद्ध. बाहेरच्या खाडीत प्रवाह फार नाही, एखाद नॉट, पण मुलं कंटाळलेली असताना तो एक नॉट खूप असतो. म्हणून असं करा: शनिवारी सकाळी दहाची भरती धरली तर साडेबाराला निघा, ओहोटी तुम्हाला ढकलत नेईल, पाचच्या आत ईलीला, अँस्ट्रदरच्या अलीकडच्या गावाला पोचाल. वारा उत्तर किंवा पश्चिमेचा असेल तर ईलीच्या समोर वाळूत नांगर चांगला धरतो. तिथे थांबा, खिचडी करा, मुलांना डुलकी काढू दे. मग सातच्या सुमाराला नांगर उचला, अँस्ट्रदर तिथून तासाभराच्या अंतरावर, आठ-सव्वाआठला तोंडाशी, पाणी चढतंय, अजून दोन तास चढणार आहे आणि जुलैत साडेनऊपर्यंत चांगला उजेड असतो. चढत्या पाण्यात आत जायचं, हा नियम मोडू नका. चढत्या पाण्यात कील टेकली तर दहा मिनिटांत बोट आपोआप सुटते, उतरत्या पाण्यात टेकली तर बारा तास.

रविवारी साडेआठच्या सुमाराला पुरेसं पाणी आलं की बाहेर पडा, मग परत जाताना भरतीचा प्रवाह दोनेक तास तुम्हाला खाडीत आत ढकलेल. उशीर केलात तर दुपारभर ओहोटीशी झगडा.

पण हे सगळं गणित वाऱ्यापुढे नंतर येतं. आग्नेयेचा किंवा पूर्वेचा जोरदार वारा असेल, किंवा आदल्या दोन दिवसांत होऊन गेला असेल आणि लाटांचा फुगवटा उरला असेल, तर जाऊच नका. ही सगळी बंदरं, सेंट मोनन्स, पिटनवीम, अँस्ट्रदर, क्रेल, दक्षिण-आग्नेयेला उघड्या किनाऱ्यावर बसलीयत, आणि त्या वाऱ्यात तोंडाशी लाट फुटते, पाणी उथळ असतं, आणि आत बोटी धक्क्याला आपटत असतात. सगळ्यात वाईट म्हणजे जवळ दुसरं चांगलं आसऱ्याचं बंदर नाही, परत पश्चिमेला खाडीतच यावं लागतं. म्हणून निर्णय ईलीच्या आधी घ्यायचा, बंदराच्या तोंडाशी नाही. तोंडाशी पोचल्यावर माणूस ‘एवढं आलोय तर जाऊया’ असाच विचार करतो. १८८१ च्या १४ ऑक्टोबरला याच किनाऱ्याच्या दक्षिणेला आयमथ आणि आजूबाजूच्या गावांचे १८९ कोळी एका वादळात गेले, त्यातले कित्येक बंदराच्या तोंडाशी, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. हे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर गेलेले लोक होते. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, पण बंदर दिसलं म्हणजे पोचलो असं या किनाऱ्यावर नसतं.

दुसरी गोष्ट हार. उन्हाळ्यात पूर्वेकडून येणारी उबदार हवा थंड नॉर्थ सीवरून सरकते आणि समुद्रावर दाट धुकं बसतं, त्याला इथे हार म्हणतात. गावात ऊन आणि अर्ध्या मैलावर काही दिसत नाही असं होतं. अंदाजात पूर्वेचा हलका वारा आणि धुकं हे दोन शब्द एकत्र दिसले तर पुढच्या वीकेंडला जा. रात्तरे हेड ते बेरिक हा किनारी अंदाज ऐकायचा, आणि शिपिंग फोरकास्टमध्ये (जहाजांसाठीचा हवामान अंदाज) तुमचा विभाग फोर्थ.

तिसरं, सापळे. खेकडे-लॉबस्टरचे सापळे, इथे क्रील म्हणतात, बंदरांच्या जवळ शेकड्यांनी टाकलेले असतात आणि प्रत्येक ओळीला वर तरंगता बोया, कधी नुसता जुना प्लास्टिकचा डबा. ओहोटीला वरचा दोर सैल होऊन पाण्यावर पसरतो. इंजिन चालू असताना एक माणूस कायम नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा ठेवा, हे काम बाबांना द्या, त्यांना असली निशाणी लांबून दिसेल. बोयाच्या जवळून जायचंच झालं तर प्रवाह ज्या दिशेला जातोय त्याच बाजूने जा, दोर बोयापासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला सापळ्याकडे गेलेला असतो.

आत शिरताना: बाहेरच शिडं उतरवा, फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लटकवायच्या उशा) दोन्ही बाजूंना, दोर चारही तयार आणि लांब. रेडिओवर बंदराच्या वर्किंग चॅनेलवर एकदा बोला, चॅनेल अल्मनॅकमध्ये आहे, उत्तर आलं नाही तरी ऐकणारे ऐकतात. कोळ्यांची बोट बाहेर येत असेल तर बाहेर थांबून तिला वाट द्या, तिची ती कामाची वेळ आहे. लाइफबोटच्या रॅम्पसमोर क्षणभरही थांबू नका, अँस्ट्रदरला आरएनएलआय या लाइफबोट संस्थेचं स्टेशन १८६५ पासून आहे आणि आजही बहुतेक सगळे गावातले स्वयंसेवक, पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात.

पाँटूनवर जागा नसेल आणि धक्क्याला बांधायला लागलं तर माझा अनुभव ऐका. तिसऱ्या वर्षी एका बंदरात मी भरतीला पोचलो, दमलो होतो, दोर आपले नेहमीसारखे आखूड बांधले आणि चहा प्यायला वर गेलो. तासाभराने एका म्हाताऱ्या कोळ्याने हाक मारली. बोट दोरांवर लटकायला लागली होती, पुढचा क्लीट (दोर बांधायची खुंटी) डेकमधून कुरकुरत होता. त्याने स्वतःच्या सुरीने दोर कापला, कारण ताणलेली गाठ सुटतच नव्हती. तेव्हापासून पाच मीटरच्या चढ-उताराला मी नाळेचा आणि मागचा दोर किमान १५ मीटर लांब, पुढे-मागे दूरच्या खुंट्यांना देतो, म्हणजे पाणी उतरताना दोर फक्त कोन बदलतो. आणि माणूस बोटीवर ठेवतो, पहिल्या ओहोटीला तरी. शिडीवर दोर बांधू नका, ती दुसऱ्याच्या जिवाची वाट असते. शिडीचे खालचे पायठे शेवाळाने गुळगुळीत, मुलांना लाइफजॅकेट घालून, वरून दोर लावूनच चढवा. जुलैतही पाणी १३-१४ अंशांचं असतं, पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच लागत नाही.

कोळ्यांच्या बोटीला बाजूने बोट लावायची वेळ आली तर विचारल्याशिवाय नाही, आणि विचारताना पहिला प्रश्न ‘तुम्ही किती वाजता निघणार’. पहाटे तीनला निघणार म्हणाले तर तीनला तुम्ही उठून बोट हलवायची. धक्क्यावरच्या जाळ्यांवर, सापळ्यांवर बसायचं नाही, मुलांना त्यावर चढू द्यायचं नाही. बाबा तुम्हाला हे आधीच सांगतील. बंदराची फी असते ती आपणहून जाऊन द्या, या छोट्या बंदरांना त्या पैशाचा खरंच उपयोग होतो.

आता बाबांसाठी. अँस्ट्रदरला धक्क्यासमोरच स्कॉटिश फिशरीज म्युझियम आहे, १९६९ ला उघडलं, त्याला तीन तास ठेवा. त्यांची रीपर नावाची जुनी बोट आहे, १९०२ ची, फिफी जातीची, सत्तर फूट लांब, हेरिंग पकडणारी, शिडाची. ती बंदरात असेल तर नाळ आणि मागचा भाग दोन्ही कसे जवळजवळ सरळ उभे आहेत ते त्यांना दाखवा, हर्णैच्या होडीच्या पुढे झुकलेल्या नाळेशी ते लगेच ताडून बघतील. आत हेरिंग कापणाऱ्या बायकांची माहिती आहे, बोटांना चिंध्या गुंडाळून, हेरिंगच्या मागोमाग एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जात किनारा पालथा घालायच्या. इथल्या हिवाळी हेरिंगवर हे गाव उभं राहिलं आणि १९४० च्या दशकात ती हेरिंग गेली, नंतर पूर्वीसारखी आलीच नाही. माझ्या आईला मी तिथे नेलं होतं, ती त्या फोटोंसमोर बराच वेळ उभी राहिली, तिच्या आईने मालवणच्या बाजारात मासे विकलेले.

खरी आजची मासेमारी बघायची तर शेजारचं पिटनवीम, मैलभर पश्चिमेला, चालत जा. तिथे अजून कामाचं बंदर आहे, मुख्यतः लॅन्गुस्टीन (मोठ्या कोळंबीसारखी), खेकडे, लॉबस्टर. हर्णैसारखा वाळूवरचा गजबजलेला लिलाव मात्र मिळणार नाही, आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांचा हिरमोड होईल. पण जाळी दुरुस्त करणारा कुणी धक्क्यावर असला तर त्यांना त्याच्याजवळ उभं राहू द्या आणि तुम्ही दुभाष्याचं काम करा. अँस्ट्रदर गावाने पाहुणे आधीही बघितलेत: १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं एक जहाज फेअर आयलवर फुटलं, वाचलेले लोक भुकेले-थकलेले अँस्ट्रदरला येऊन पोचले, आणि शत्रू असूनही गावच्या पाद्र्याने, जेम्स मेल्व्हिल नाव त्याचं, त्यांना भाजीची पेज आणि मासे खायला घातल्याचं स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय.

मुलांना पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) बघायचे असतील तर मे बेट पाच मैलांवर आहे, एप्रिल ते सप्टेंबर उघडं असतं, पण पफिन ऑगस्टच्या मध्यापर्यंत निघून जातात, म्हणून जुलै बरोबर आहे. स्वतःच्या बोटीने मात्र नको, उतरायच्या जागा खडकाळ आणि अरुंद, अँस्ट्रदरहून पर्यटकांची बोट जाते तिने जा. फक्त शनिवार-रविवारात हे बसणार नाही, सोमवारची सुट्टी जोडा आणि सोमवारच्या भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे जाते हे धरून परतीचा हिशोब नव्याने मांडा.

निघायच्या आधी शनिवारी सकाळी घरी कुणालातरी लिहून द्या: बोटीचं नाव, किती माणसं, कुठे चाललोय, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोस्टगार्डला कळवायचं. आणि वारा-धुकं ठीक असेल तरच ग्रँटनहून दोर सोडा. दुपारी ईलीसमोर नांगर टाकून झाला आणि काही शंका आली तर मला मेसेज करा, तिथे नेटवर्क येतं, मी शनिवारी घरीच असतो.